उजव्या हाताचं जाकीट

टाचणीबाईंच्या शिवणाच्या खोलीत भिंतीवर तसबीर नव्हती, घड्याळ नव्हतं, पण खिळे होते साठ-सत्तर. प्रत्येक खिळ्याला एक दोरी, आणि प्रत्येक दोरी म्हणजे एक माणूस. पहिली गाठ गळ्याची, दुसरी खांद्याची, दुहेरी गाठ छातीची, मग कंबर, मग बाही. गल्लीतल्या कुणाचंही माप त्यांनी उभ्या आयुष्यात कागदावर लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "कागद हरवतो. दोरी कुठे पळून जात नाही." शाळेत त्या दोनच इयत्ता गेल्या होत्या हे गल्लीला ठाऊक होतं, आणि ते त्यांच्यासमोर काढायचं नसतं हेही ठाऊक होतं. टाचणीबाई हे नावसुद्धा पाठीमागचंच. तोंडात चार टाचण्या धरून त्या जे काही बोलत, ते पाचव्या टाचणीसारखं लागायचं.

दोऱ्यांचा एक नियम होता. माणूस अंगानं सुटला, रोडावला, की जुन्या गाठी सोडून त्याच दोरीवर नव्या मारायच्या. माणूस गेला, की त्याच दिवशी दोरी खाली काढायची, गाठी सोडायच्या, दोरी धुऊन पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायची. नवऱ्याची दोरी त्यांनी अशीच सोडली होती. तीन वर्षांपूर्वी मुलगा गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. सकाळी डबा घेऊन बाहेर पडला आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला, हृदय बंद पडलं म्हणून. घरात माणसं बसलेली असताना टाचणीबाई उठल्या, खिळ्यावरची दोरी काढली आणि सगळ्यांच्या देखत एकेक गाठ सोडली. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "बाई नव्हे, दगड आहे." ते टाचणीबाईंनी ऐकलं, आणि त्यांना बरंच वाटलं.

एक गोष्ट मात्र कुणी पाहिली नाही. आठवडाभरानं बटणांचा डबा उपसताना तळाशी मुलाची आणखी एक दोरी सापडली. त्याच्या बाराव्या वर्षाची. त्या वर्षी त्याला तलवारबाजीचं पहिलं जाकीट शिवलं होतं. तलवारबाजांच्या दोरीच्या शेपटाशी त्या एक जादा खूण ठेवत: एक गाठ म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावखुरा. या दोरीला एकच गाठ होती. टाचणीबाईंनी पहिल्या गाठीला नख लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग उठून ती दोरी नातीच्या खिळ्यावर, नातीच्या दोरीच्या मागे लपवून टांगली. नियम मोडला तो एवढाच, आणि तोही स्वतःच्या घरात.

नातीला सगळे खारू म्हणत. लहानपणी खारीसारखी टुणटुण उड्या मारायची म्हणून. बाप गेल्यापासून उड्या बंद होत्या, नाव तेवढं राहिलं होतं.

तर एका रविवारी जेवताना सुनेनं विषय काढला. सून दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायची, त्यामुळे दुखरी गोष्ट कशी हळू आवाजात सांगायची हे तिला चांगलं यायचं.

"आई, खारूच्या शाळेतल्या बाई म्हणतात, मुलगी फार गप्प असते. तिला काहीतरी छंद लावा. एखादा खेळ."

"छंद आहे की तिला. नखं खायचा."

खारूनं बोट तोंडातून काढलं.

"इथे आपल्या सभागृहात तलवारबाजी आहे," सून म्हणाली, "आणि तिकडच्या शाळेत लॅक्रॉस आहे. दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

तिकडे म्हणजे बसनं तीन तासांवर. तिथे चष्म्याचं दुकान असलेला एक माणूस होता आणि पुढच्या महिन्यात सून त्याच्याशी लग्न करणार होती. सून तिकडे जाणार हे ठरलेलंच होतं. खारूचं ठरलेलं नव्हतं. "मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही," असं सून पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "तिला वाटलं तर ती तुमच्याजवळ राहील, सुट्टीत माझ्याकडे येईल. तिचं तिनं ठरवायचं." तेव्हापासून घरात हा एकच प्रश्न वावरत होता, पण त्याचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. आईबरोबर जाणार की आजीजवळ राहणार, असं पोरीला कुणी विचारत नव्हतं. आता विचारायला चांगलं सभ्य नाव सापडलं होतं. तलवारबाजी की लॅक्रॉस?

"लॅक्रॉस म्हणजे काय गं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"लांब काठी असते," खारू म्हणाली. "टोकाला जाळी. तिच्यात चेंडू पकडायचा आणि फेकायचा."

"म्हणजे फुलपाखरं पकडतात तसं."

"आई," सून म्हणाली.

"मी काय वाईट बोलले? तलवारबाजीत निदान समोर माणूस असतो. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभं राहावं लागतं. हिचा बाप सात वर्षं उभा राहिला." त्यांनी पाव मोडला. "पण तिचं तिनं ठरवायचं. आपल्याला काय."

खारूनं डाव्या हातानं चमचा उचलला आणि सूप संपवलं.

सोमवारी सकाळी टाचणीबाई सभागृहात गेल्या. लाकडी फरशी, उंच खिडक्या, रबराचा आणि जुन्या घामाचा वास, भिंतीला ओळीनं पांढरी जाकिटं. त्यांतलं एकही असं नव्हतं ज्याला त्यांचा टाका नव्हता. अठ्ठावीस वर्षं त्या इथल्या तलवारबाजीच्या क्लबची जाकिटं शिवत आणि सांधत आल्या होत्या. तलवारबाजी शिकवणारे मास्तर एका गुडघ्यानं लंगडे. ते बाकावर बसून मुखवट्यांच्या जाळ्या पुसत होते.

"मास्तर, ते जाड पांढरं कापड उरलंय का?"

"उरलंय. कुणासाठी?"

"माझ्या नातीसाठी."

"अरे वा. येतेय का ती?"

"जाकीट झालं की येईल."

"बाई, उलटं असतं ते. आधी पोर येते, खेळून बघते, महिनाभर क्लबचं जाकीट घालते, मग शिवायचं."

"क्लबची जाकिटं मीच शिवलीत. त्यांत कितीजणांचा घाम मुरलाय ते मला सांगू नका."

मास्तर हसले. मग म्हणाले, "गुरुवारी पाचला घेऊन या. बघू तिला आवडतंय का."

"न आवडायला काय झालं," टाचणीबाई म्हणाल्या आणि कापडाचा गठ्ठा काखेत मारून निघाल्या.

त्यांचा विचार सरळ होता. पोरीला बोलायला जमत नाही, तर आपण तिला अशी वस्तू द्यावी की बोलायची गरजच उरू नये. आजीनं जाकीट शिवलंय म्हटल्यावर कोण टाकून जाईल? एकदा ते अंगावर चढलं की शुक्रवारी कागदावर काय लिहायचं हे आपोआप ठरेल. यात लबाडी होती, हे त्यांना कळत होतं. पण तीन वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. एवढं एक आपल्या हातानं घ्यावं, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी सकाळी मशीनसमोर बसल्या. डाव्या हातानं कापड सारखं करत, मागे न बघता, उजवा हात खारूच्या खिळ्याकडे नेला आणि दोरी ओढली. दोरी बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. गाठी बोटांना कळत. खांद्याची गाठ लागली तेव्हा क्षणभर मनात आलं, पोरगी खांद्यात एवढी भरली कधी? मग वाटलं, भरणारच. बापावर गेलीये. शेपटाला एक गाठ लागली. बोटांनी ती वाचली आणि पुढे सरकली. खारू आजवर तलवारबाजी खेळलीच नव्हती, तर तिच्या दोरीला ती खूण आली कुठून, हे टाचणीबाईंच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी कापड बेतलं. तीन पदर, आत मऊ अस्तर, काखेखाली जादा तुकडा, उभी गळपट्टी. डाव्या कुशीला चेन.

बुधवारी दुपारी चष्मेवाला आला. पहिल्यांदा घरी आला होता तेव्हा त्यानं टाचणीबाईंना "आई" म्हटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मला एकच मुलगा होता." तेव्हापासून तो "बाई" म्हणायचा. या खेपेला त्याच्या हातात लांबट पिशवी होती. खारूसाठी काठी आणली होती, चेंडू आणला होता.

"लाच आणलीत?" टाचणीबाई मशीनवरून म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. "तुम्ही काय शिवताय?"

"माझं काम करतेय," त्या म्हणाल्या.

तो दारातच उभा राहिला. सुईत दोरा ओवताना त्यांचा नेम दोनदा चुकला, ते त्यानं पाहिलं. "बाई, तुमचा नंबर वाढलाय. दुकानात या एकदा. पाच मिनिटांचं काम आहे."

"माझे डोळे माझ्या बोटांत आहेत. तिथे तुमची काच बसत नाही."

त्यानं मान डोलावली आणि तो मागच्या अंगणात गेला. माणूस वाईट नव्हता. हेच टाचणीबाईंना सोसत नव्हतं. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. दारूडा, खोटारडा, निदान फटकळ तरी. हा आपला जिना चढताना इस्त्रीवाल्या वहिनींच्या हातातलं गाठोडं घेऊन वर आला होता.

अंगणातल्या भिंतीवर चेंडू आपटायचा आवाज सुरू झाला. धप, आणि मग काहीच नाही, मग चेंडू फरशीवर घरंगळायचा. धप. घरंगळ. टाचणीबाईंनी टीप मारणं चालू ठेवलं. हळूहळू घरंगळायचा आवाज कमी झाला. आता धप, आणि मग मऊ, जाळीत चेंडू बसल्याचा आवाज. खारू मोजत होती. अकरा. बारा. तेरा. मोठ्यानं मोजत होती. एकोणीसला चेंडू सुटला आणि ती हसली.

मशीन थांबलं. हे हसू टाचणीबाईंनी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. खिडकीशी जाऊन बघावं असं त्यांना वाटलं, पण बघितलं असतं तर पुढची टीप मारवली नसती. त्यांनी पायावर जोर दिला आणि मशीन इतकं पळवलं की बाहेरचं काही ऐकू येईना.

गुरुवारी पाचला आजी-नात सभागृहात गेल्या. मास्तरांनी खारूला आधी नुसतंच चालायला लावलं, पुढे दोन पावलं, मागे दोन. मग एक पातळ तलवार दिली. तिनं ती डाव्या हातात घेतली. टाचणीबाई बाकावर बसून कागदातलं जाकीट सोडत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

"घाल बघू."

खारूनं जाकीट घातलं. चेन वर ओढली. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या, खांदे बाजूला उतरले. टाचणीबाईंच्या हातून जाकीट मोठं होत नसे. वाढत्या अंगाचं ठेवलं गेलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खारू तलवार घेऊन उभी राहिली, आणि मास्तर लंगडत बाकाजवळ आले.

"बाई, जरा हळू बोलतो. ही चेन."

"काय झालं चेनीला?"

"पोरगी डावखुरी आहे. डावखुरा खेळाडू डावी कूस पुढे करून उभा राहतो. चेन समोर येते. तलवारीचं टोक नेमकं तिथून आत जायचं."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"तेच म्हणतोय," मास्तर म्हणाले. "तुम्हाला सांगायची वेळ अठ्ठावीस वर्षांत आली नव्हती."

टाचणीबाईंनी बोटं एकमेकांवर घासली. शेपटाची ती गाठ अजून बोटाला लागत होती. एकच गाठ. खांद्याची गाठ, ती लांब होती. मग त्यांना कळलं की मंगळवारी आपण कुणाचं माप काढलं.

खारूनं दोघांकडे पाहिलं. ती काय समजायचं ते समजली असावी. तिनं तलवार उजव्या हातात घेतली.

"मास्तर, मला उजव्या हातानंही येतं."

"तसं नसतं पोरी."

"येतं मला." तिनं मुखवटा चढवला आणि उजवी कूस पुढे करून उभी राहिली.

मास्तरांनी एका मोठ्या मुलीला तिच्यासमोर उभं केलं, हलक्या हातानं खेळ म्हणून सांगितलं. टाचणीबाई बाकावरून बघत होत्या. जाळीच्या मुखवट्यामागे चेहरा दिसत नाही. पांढरं जाकीट, ते खांदे, ती गळपट्टी, उजवा हात पुढे. मुलगा बारा वर्षांचा होऊन तिथे उभा होता. खोटं कशाला सांगा, त्या एका क्षणाला टाचणीबाईंचं मन इतकं भरून आलं की चूक झाली याचं त्यांना दुःखच वाटेना. त्या पुढे झुकल्या. ओठांवर त्याचं नावसुद्धा आलं होतं.

मग समोरच्या मुलीचं टोक जाकिटाला लागलं. पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. उजव्या हातातली ती तलवार भरल्या बादलीसारखी हलत होती. प्रत्येक वेळी टोक लागलं की खारूचा मुखवटा समोरच्या मुलीकडे नाही, बाकाकडे वळायचा. पाचव्यांदा तलवार हातातून पडली. पोर वाकली आणि ती डाव्या हातानं उचलली. झटकन, अगदी सहज. मग बाकाकडे पाहिलं आणि तलवार पुन्हा उजव्या हातात घेतली.

टाचणीबाई उठल्या. "बस झालं. काढ ते."

कपडे बदलायच्या खोलीत एक लांब फळी होती, तिच्यावर दोघी बसल्या. चेन मध्येच अडकली होती. खारूनंच ती सोडवली.

"मी शिकेन आजी. थोडे दिवस लागतील."

"काय शिकशील?"

"उजव्या हातानं."

"कशाला?"

खारूनं जाकिटाची घडी मांडीवर घेतली. "बाबाचं माप आहे ना हे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या दोरीमागे आहे त्याची. मी लावून बघते कधीकधी, तू बाजारात गेलीस की. कंबरेला आता बरोबर येते. खांद्याला अजून नाही येत."

टाचणीबाईंना वाटत होतं की ती दोरी आपण एकटीनंच जपली आहे. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीला कुणीतरी ओला टॉवेल टांगून विसरलं होतं.

"आजी."

"बोल."

"मी लॅक्रॉस लिहिलं तर माझी दोरी सोडशील?"

"कुणी सांगितलं तुला असं?"

"तूच सांगतेस ना. माणूस गेला की त्याच दिवशी सोडायची. बाबाची सोडलीस. मी होते तिथे."

त्या दिवशी घरभर माणसं होती, आणि त्या माणसांना दाखवायला त्यांनी गाठी सोडल्या होत्या. माणसांत एक नऊ वर्षांची मुलगी होती, ती काय बघतेय हे त्यांनी पाहिलं नव्हतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की पोरगी ठरवत नाही म्हणजे तिचा जीव आजीत अडकलाय. अडकला होता, पण खिळ्यावर. भीतीनं.

"गेला म्हणजे बसनं गेला नव्हे, वेडे," त्या म्हणाल्या. "बसनं गेलेल्यांच्या दोऱ्या सोडत बसले तर माझ्या भिंतीवर नुसते खिळे राहतील."

"मग ठेवशील?"

"ठेवीन."

"खिळ्यावरच?"

"मग काय डोक्यावर ठेवू?"

खारू थोडीशी हसली, आणि तिनं बोट तोंडात घातलं. टाचणीबाईंनी ते काढलं आणि हातात धरून ठेवलं.

"आता खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. मला बरं वाटायचं माझं मी बघेन. तुला काय हवंय?"

बाहेर तलवारी एकमेकींना लागत होत्या.

"आई," खारू म्हणाली.

खेळाचं नाव तिनं घेतलंच नाही.

"हं," टाचणीबाई म्हणाल्या. "मग चल. ऊठ. फळी गार आहे."

शुक्रवारी सकाळी त्यांनी सुनेपुढे शाळेला कळवायचा कागद ठेवला. "लिही. लॅक्रॉस. मला लिहिता येतं, पण तुझं अक्षर बरं आहे."

सून त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले.

"रडायचं असेल तर भांडी घासता घासता रड. वेळ वाचेल."

"आई, तुम्ही एकट्या..."

"मी एकटी नाही. साठ-सत्तर माणसं लटकलीत माझ्या भिंतीला."

चष्मेवाला कागद न्यायला आला तेव्हा त्याला त्यांनी जिन्यात गाठलं. "एक सांगून ठेवते. डावखुरी आहे ती. उगाच तिला उजवीकडे वळवू नका."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी पाहिलं. चमचा धरला तेव्हा."

त्यानं ते सहज म्हटलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर परत करता आला असता. टाचणीबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, तो खाली पोचून दार लागेपर्यंत.

महिन्यानं सामान गेलं. जायच्या सकाळी टाचणीबाईंनी खारूला खोलीत उभं केलं आणि डोळ्यांनी बघत बघत तिचं नवं माप घेतलं. खांदा चार बोटं कमीच होता बापाच्या दोरीपेक्षा. जुन्या गाठी सोडल्या, नव्या मारल्या, दोरी तिच्यादेखत खिळ्यावर टांगली. खारूनं ती एकदा ओढून पाहिली, पक्की आहे ना म्हणून. मग लांबट पिशवी खांद्याला लावून जिना उतरली. शेवटच्या तीन पायऱ्या ती उडी मारून उतरली. वरून टाचणीबाईंनी ते पाहिलं.

इस्त्रीवाल्या वहिनी दारात आल्या. "बाई, पोरगी जाताना रडली नाही हो."

"रडायला काय झालं? लॅक्रॉस खेळायला गेलीये."

"आणि तुम्ही?"

"तुमची इस्त्री तापत पडलीये, वास येतोय."

जाकीट त्यांनी उसवलं. चेन काढून डब्यात टाकली, कापड लहान करून बेतलं आणि मास्तरांकडे दिलं, कुणा उजव्या पोराला होईल म्हणून. मग राहिली ती मुलाची दोरी. तिच्यामुळे चूक झाली होती, आणि टाचणीबाईंच्या हातून तशी चूक दुसऱ्यांदा होऊन चालणार नव्हतं. नियम सगळ्यांना एक. तरी दोन आठवडे गेले.

एका शनिवारी दुपारी त्या खिडकीशी बसल्या आणि दोरी मांडीवर घेतली. गाठी इतक्या वर्षांच्या, दगड झालेल्या. शेपटाची गाठ सुईनं सैल केली, सुटली. बाहीची सुटली. कंबरेची सुटली. छातीची दुहेरी गाठ अर्धा तास खाऊन सुटली. सुटल्या तिथे दोरी सरळ होईना, वाकडीच राहिली. खांद्याच्या गाठीत सुई घालून त्यांनी पहिला पीळ नुकता मोकळा केला होता आणि फोन वाजला. निसटू नये म्हणून ती अर्धी गाठ अंगठ्यात आणि बोटात धरूनच त्यांनी फोन घेतला.

"आजी, आज सामना होता."

"मग? जिंकलात?"

"हरलो. पण मी चार चेंडू पकडले. एक तर खूप लांबून आला होता."

"कुठल्या हातानं?"

"काठी दोन्ही हातांनी धरतात आजी."

"वरचा हात कुठला होता?"

"डावा."

"हं. जेवलीस?"

"जेवले. आजी, माझी दोरी आहे ना?"

"समोरच आहे."

"मी उंच झालेय. बाह्या आखूड व्हायला लागल्यात."

"मग सुट्टीत ये. तोवर आखूड घाल. कुणी मरत नाही आखूड बाह्यांनी." त्या थांबल्या. मागून सुनेचं हसणं ऐकू येत होतं, कुणीतरी ताटं मांडत होतं. "जा आता. बोलावतायत तुला."

फोन ठेवला आणि त्यांनी मांडीकडे पाहिलं. बोलता बोलता बोटांनी आपलंच काम केलं होतं. अर्धी सुटलेली ती खांद्याची गाठ त्यांनी ओढून ओढून पुन्हा घट्ट केली होती, पूर्वीपेक्षाही घट्ट, आणि सुई आतच अडकली होती.